हात लावलेली सोंगटी

२९ जानेवारी

ती. मामांना नमस्कार,

आधी आपल्या डावातली माझी चाल. घोडा मागे घेतलाय, राजाच्या शेजारी. घाबरून नव्हे, उगाच खूश होऊ नका.

आता बातमी. मी बुद्धिबळाच्या स्पर्धेत नाव दिलंय. आमच्या दुकानाच्या पलीकडच्या रस्त्यावर वाचनालय आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर भरणार आहे. मोठी नाही. ज्यांचं मानांकन बाराशेच्या आत आहे किंवा ज्यांना मानांकनच नाही, अशांसाठीच आहे. म्हणजे सगळे माझ्यासारखेच, नुकते पाण्यात पाय घातलेले. पहिल्या रविवारी तीन फेऱ्या, मग एक रविवार मोकळा, आणि त्यानंतरच्या रविवारी उरलेल्या दोन.

नाव द्यायला गेले तिथेच गंमत झाली. टेबलामागच्या माणसानं नाव विचारलं आणि माझं नाव नेहमीप्रमाणे पहिल्याच अक्षरावर अडून बसलं. मी ओठ आवळून उभी, तो बिचारा पेन धरून. शेवटी त्यानं कागद माझ्याकडे सरकवला, “तुम्हीच लिहा.” लिहिलं. मागे रांगेत कोणीतरी हळूच हसलं. हसेना का. पस्तिशीला आले, आता त्याचं काही वाटत नाही असं मी स्वतःला सांगते.

आई म्हणते, “कशाला नसती उठाठेव? घरात बसून मामाशी पत्रानं खेळतेस ते काय कमी आहे?” दुकानातल्या बाई मात्र म्हणाल्या, “जा की. दिवसभर मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत असतेस, चार माणसं तरी दिसतील.”

खरं सांगू? मी त्यासाठीच चाललेय. मागच्या खोलीत चाकाला काच लावली की बोलावं लागत नाही. नंबर चिठ्ठीवर लिहून येतो, काच फ्रेममध्ये बसून बाहेर जाते, गिऱ्हाईक बाईंशी बोलतं. असं करता करता माझं परक्या माणसाशी बोलणं जवळजवळ बंदच पडलंय, आणि ते मला यंदा एकदम जाणवलं. मला अनोळखी माणसासमोर बसून, बाकीच्यांच्या बरोबरीनं, एखादी गोष्ट सुरू करून शेवटापर्यंत न्यायची आहे. जिंकण्याहरण्याचं नंतर बघू.

तुम्ही उमेदीत इतक्या स्पर्धा खेळलात, पंच म्हणूनही बसलात. नवख्या माणसानं काय करायचं ते सगळं लिहा. हातचं राखून ठेवू नका.

तुमची
ठकू

४ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद,

शाबास! तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि इतक्या जोरात “वा” म्हणालो की खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या आजोबांना वाटलं, त्यांच्या खोकल्यालाच दाद दिली.

ताईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. माझी बहीण आहे, तिला मी लहानपणापासून ओळखतो. तिला सगळी माणसं घरात, दाराला कडी, आणि दूध फ्रीजमध्ये असलं की जग ठीक चाललंय असं वाटतं.

आता ऐक. आदल्या दिवशी नवीन काही शिकू नकोस. माणसं आदल्या रात्री जाडजूड पुस्तक उघडून बसतात आणि सकाळी त्यांना येत होतं तेही येत नाही. तुला ज्या दोन-तीन सुरुवाती येतात त्याच खेळ. पोटभर जेवून जाऊ नकोस, दुसऱ्या फेरीत पेंग येते. पाण्याची बाटली घे. करकरणारे बूट घालू नकोस. मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाक. तो वाजला तर डाव गेला, मग तू कितीही जिंकत असलीस तरी.

समोर कोण बसलंय हे बघून डाव ठरवू नकोस. दोन वेण्या घातलेली आठ वर्षांची पोर समोर आली आणि तुला “अगं बाई, किती गोड” असं वाटलं, तर ती पोर तुझा वजीर कधी खाईल तुला कळणारही नाही. पांढऱ्या मिशांच्या माणसांनाही घाबरू नकोस. मला आहेत, आणि माझा खेळ तुला ठाऊकच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: वेळ वापर. प्रत्येकाला तासभर मिळतो. नवखी माणसं तो वेळ पाहुण्यांसाठी आणलेल्या मिठाईसारखा जपून ठेवतात आणि दहा मिनिटांत हरून बाहेर येऊन चहा पितात. समोरच्यानं चाल केली की आधी विचार, यानं हे का केलं? मग बघ, आपलं काही फुकट जातंय का, त्याचं काही फुकट मिळतंय का. मगच चाल. छोट्या स्पर्धेत डाव हुशारीनं जिंकले जात नाहीत, समोरच्याच्या वेंधळेपणानं जिंकले जातात. आपण एक वेंधळेपणा कमी करायचा, बस. राजाचा किल्लेकोट लवकर कर. आणि हरतोय असं वाटलं तरी डाव सोडू नकोस. समोरचाही बाराशेच्या आतलाच आहे, तो घोळ घालेलच.

राहिली तुझी काळजी. अगं, बुद्धिबळाच्या हॉलसारखी जागा नाही तुझ्यासाठी! शंभर माणसं बसलेली असतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. बोललं तर उलट ओरडा बसतो. हात मिळवायचा, खेळायचं, हात मिळवायचा, उठायचं. तोंड उघडायचीच गरज नाही. तू निर्धास्त जा.

तुझ्या घोड्याबद्दल: घाबरूनच मागे घेतलास. माझं डावीकडचं प्यादं दोन घरं पुढे.

तुझा
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना मी अडखळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कडी आणि दुधाचं वाक्य गाळलं. तरी तिला संशय आलाच, म्हणाली, “मधे काहीतरी खाल्लंस तू.”

रोज कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडते. बाईंकडून जुनं टेबलघड्याळ आणलंय, ते समोर ठेवून दोन्ही बाजूंनी मीच खेळते. तुमच्या सांगण्याप्रमाणे चाल झाली की “यानं हे का केलं” असं विचारते. उत्तर मलाच माहीत असतं, त्यामुळे फार उपयोग होत नाही.

एक शंका. वाचनालयाच्या फळ्यावर नियमांचा कागद लावलाय. त्यात आहे, सोंगटी घरात नीट बसवायची असेल तर तसं आधी तोंडानं सांगावं. बरोबरी हवी असेल तर तीही तोंडानंच विचारायची. काही अडलं तर पंचांना हात करून बोलवायचं आणि अडचण सांगायची. म्हणजे तोंड उघडायचीच गरज नाही हे काही खरं नाही. मी घाबरलेले नाही, फक्त विचारतेय. तिथे मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?

तुमच्या प्याद्याला माझं प्यादं आडवं आलंय.

तुमची
ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद,

तुझा मामा असताना तू कसली शंका घेतेस? सोबतच्या पाकिटात बघ. औषधांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची कार्डं कापलीयत, कोपरे गोल केलेत, हाताला लागणार नाहीत. एकावर “सोंगटी नीट करते आहे”. एकावर “बरोबरी करूया का?” एकावर “पंचांना बोलवायचे आहे”. एकावर नुसतंच “धन्यवाद”, ते कुठेही चालतं. अक्षर माझं आहे पण या खेपेला वाचता येईल असं काढलंय. डाव्या हाताशी रचून ठेव, वेळ आली की दाखव. झालं.

पंचांचीही काळजी करू नकोस. चांगली माणसं असतात.

आता पुढचं पत्र स्पर्धेनंतरच. पहिली फेरी हरलीस तर खिडकीशी जाऊन उभी राहा आणि दूरचं काहीतरी बघ. जिंकलीस तरी तेच कर.

माझा उंट तुझ्या घोड्यावर. आता पळव.

तुझा
मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामांना,

तीन फेऱ्या झाल्या. एक जिंकले, दोन हरले. हरलेल्या दोन्ही नीट हरले. एकीत तुम्ही म्हणाला होतात तशी पोर होती, फक्त वेणी एकच. दुसरीत मीच वेंधळेपणा केला. त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते जिंकलेल्या फेरीबद्दल.

पहिलीच फेरी होती. समोर एक बसड्रायव्हर होते. ड्यूटी संपवून तसेच आलेले, खाकी शर्ट, मोठे हात, खुर्ची कमी पडेल असा देह. “चला, होऊन जाऊ द्या,” असं म्हणून त्यांनी हात मिळवला. मला बरं वाटलं. खेळ छान चालला होता. मधे एका जागी मी विचारात पडले. घरी आपला पत्राचा डाव खेळताना करते तसा मी वजीर उचलला, हात न सोडता पलीकडच्या घरात टेकवला, तिथून कसं दिसतंय ते पाहिलं, काही पटेना म्हणून परत जागच्या जागी ठेवला आणि प्याद्याचा विचार करायला लागले.

ड्रायव्हर म्हणाले, “वजीर उचललात ना? मग वजीरच चालवायला लागेल.”

मामा, मला हे माहीतच नव्हतं. सोंगटीला हात लावला की तीच चालवायची, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पत्रानं खेळताना तर मी पाच-पाच दिवस सोंगट्या इकडून तिकडे फिरवत असते. तुम्हीही फिरवता.

वजीर हलला असता तर मागचा हत्ती फुकट गेला असता. पण ते जाऊ दे. मला फक्त म्हणायचं होतं, “मला नियम माहीत नव्हता.” एवढंसं वाक्य. पहिल्या अक्षरालाच अडलं. मी घाबरून कार्डांमध्ये हात घातला आणि जे हाताला लागलं ते दाखवलं. “सोंगटी नीट करते आहे.”

त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पलीकडच्या घरात ठेवून परत आणलेला वजीर, आणि मी म्हणतेय नीट करते आहे. धडधडीत खोटं! त्यांनी पंचांना बोलावलं. पंच आले, माझ्याकडे पाहिलं, कार्डांकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू द्या हो. त्यांना बोलायला त्रास होतो. चालू द्या.” ड्रायव्हर एकदम मऊ झाले. “हो, हो. चालेल, चालेल.” त्यानंतर त्यांनी नीट खेळणंच सोडलं. मी जिंकले.

संध्याकाळी निघताना पंच म्हणाले, “मामांना नमस्कार सांगा. त्यांचं पत्र मिळालं होतं.”

कुठलं पत्र, मामा?

ठकू

१ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद,

पकडलंस. हो, लिहिलं होतं. तो पंच माझ्या ओळखीचा आहे, आम्ही पूर्वी एकत्र स्पर्धा घेतल्यात. दोन ओळी लिहिल्या, भाची येते आहे, बोलताना अडखळते, सांभाळून घे. एवढंच. यात रागावण्यासारखं काय आहे? “कुठलं पत्र, मामा?” असं लिहून खाली नुसतंच “ठकू” लिहिलंस. “तुमची” कुठे गेलं? ताई चिडली की अशीच आखूड होते.

हात लावायचा नियम सांगायचा राहिला, हे मात्र माझं चुकलं. कान धरतो. इतकी वर्षं पंच म्हणून बसलो, शेकडो लोकांना पहिल्यांदा हाच नियम सांगितला, आणि तुला करकरणारे बूट सांगत बसलो. काय झालं सांगू? तू नवखी आहेस हेच माझ्या डोक्यात नव्हतं. तू माझ्याशी इतकी वर्षं खेळतेस. समोर माणूस बसवून तू कधी खेळलीच नाहीस हे मी विसरलो.

पण मिळालेला गुण तुझा आहे. पंचानं निर्णय दिला, समोरच्यानं मान्य केला, डाव पुढे झाला, सही झाली. आता उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. लोक चांगले वागले तर त्यांना चांगलं वागू द्यावं. तुला कोणी हसू नये, तुला कुठे अवघडल्यासारखं होऊ नये, याउपर माझ्या मनात काही नव्हतं.

आणि तू चालच लिहिली नाहीस या खेपेला. तुझा घोडा अजून माझ्या उंटाच्या तोंडात आहे.

तुझा
मामा

४ मार्च

ती. मामांना नमस्कार,

रागावण्यासारखं काय आहे ते सांगते.

लहानपणी अंगणात खेळताना मला लिंबूटिंबू करायचे, आठवतं? आउट झालं तरी आउट नाही, पकडलं तरी राज्य नाही. मोठी मुलं म्हणायची, “चालेल, चालेल, ती लिंबूटिंबू आहे.” मी खेळात असायचे आणि नसायचेही. ड्रायव्हर ज्या आवाजात “चालेल, चालेल” म्हणाले ना, तो आवाज मी ओळखते. त्याआधी ते माझ्याशी भांडत होते. मामा, एक परका माणूस माझ्याशी बरोबरीनं भांडत होता! तेवढ्यासाठीच तर मी गेले होते. आणि तुमच्या दोन ओळींनी मला उचलून बाजूला बसवलं.

तुम्ही मायेनं केलंत हे मला कळतं. म्हणूनच जास्त लागलं.

रविवारी उरलेल्या दोन फेऱ्या आहेत. त्याआधी मी पंचांना सांगणार आहे की तो गुण माझा नाही, काढून घ्या. तोंडानं सांगणार आहे. कार्डं तुम्हाला परत पाठवतेय. “धन्यवाद” तेवढं ठेवून घेतलंय, अक्षर खरंच चांगलं आलंय.

घोडा पळवला. तुमच्या हत्तीजवळ.

तुमची
ठकू

६ मार्च

चि. ठकू,

घाईत लिहितोय, शनिवारपर्यंत पोचायला हवं.

माझं ऐक. झालेल्या डावाचा निकाल बदलत नाही. सही झाली की संपलं, पंचाच्याही हातात राहत नाही. मग भर हॉलमध्ये, सगळ्यांदेखत उभी राहून तू स्वतःला का त्रास करून घेणार? अडखळलीस तर? त्या रांगेतल्यासारखं कोणी हसलं तर? मी तिथे नसेन.

सांगायचंच असेल तर लिहून दे. सोबत मजकूर पाठवतोय, नुसती सही कर. “माननीय पंच यांस, पहिल्या फेरीत माझ्याकडून अनवधानाने...” असा आहे, व्यवस्थित आहे.

हे शेवटचं. यापुढे मधे पडणार नाही.

मामा

११ मार्च

ती. मामांना नमस्कार,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मजकूर छान होता. घरीच ठेवून गेले.

काल वेळेआधी पोचले. पंच टेबलांवर घड्याळं मांडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि “मागच्या...” एवढं म्हटलं. ते म्हणाले, “मागच्या वेळचं? अहो, विसरा ते! झालं गेलं.” आणि घड्याळं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. झालं माझं भाषण. इतके दिवस काचा घासताना मनात घोकलेलं सगळं तसंच राहिलं. मी जागेवर जाऊन बसले. रडायला येत होतं, पण पाणी प्यायले.

चौथ्या फेरीत समोर एक बाई होत्या, तलावावर मुलांना पोहायला शिकवतात. डाव माझा चांगला होता. माझा, म्हणजे खरंच माझा. त्यांचं एक प्यादं खाल्लं होतं, घोडा मध्यावर बसला होता, अजून दोन चालींत त्यांची पंचाईत झाली असती. त्या चाल करून पाणी प्यायला उठल्या. मी पटाकडे बघत बसले. आणि मामा, माझा हात गेला. हत्ती उचलला, किंचित, घराच्या वर, आणि परत ठेवला. जुनी खोड. मला चालवायचा होता घोडा. हत्ती हलला तर मागची सगळी बाजू उघडी पडत होती.

कोणी पाहिलं नव्हतं. बाई पाठमोऱ्या होत्या. शेजारच्या टेबलावरची दोघं आपापल्या डावात बुडालेली.

मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

पंच आले. “काय हवंय? पाणी?” मी नकारार्थी मान हलवली. “बरोबरी मागायचीय?” मान हलवली. “बरं वाटत नाही का? बाहेर जाऊन यायचंय?” मी मान हलवतच राहिले. शेवटी त्यांच्याजवळचे प्रश्न संपले आणि ते गप्प उभे राहिले. तोवर बाई परत आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या.

मग मी बोलले. “मी ह... ह...” तिथे अडलं. खूप वेळ अडलं. तुम्हाला माहीत आहे ते कसं होतं, मान ताठ होते, डोळे मिटतात. डोळे उघडले तेव्हा समोर घड्याळ दिसलं. दोन्ही बाजूचे आकडे जागच्या जागी. मामा, कोणाचाच वेळ जात नव्हता. मला जन्मभर बोलताना एकच वाटत आलंय, की मी लोकांचा वेळ खातेय, आणि म्हणून मी निम्म्यातच सोडून देते. तिथे ते घड्याळ थांबलेलं होतं, नियमानंच थांबलेलं, आणि पंचांचं कामच होतं ऐकून घेण्याचं. मी परत सुरुवात केली. “मी ह... हत्तीला हात लावला. म्हणून मला ह... हत्तीच चालवायला हवा.” आणि मग, तोंड उघडलंच होतं तर, पुढचंही सांगितलं. की पहिल्या फेरीत मी वजिरालाही हात लावला होता, मला नियम माहीत नव्हता, आणि तो गुण माझा नाही. किती वेळ लागला मला ठाऊक नाही. घड्याळात त्याची कुठे नोंद नाही.

पंच म्हणाले, “पहिल्या फेरीचं आता काही करता येत नाही.” तुम्ही म्हणालात तसंच. “पण आत्ता हत्ती चालवा.” कोरड्या आवाजात म्हणाले, दुसऱ्या कोणालाही म्हणाले असते तसे. मी हत्ती चालवला, आणि पुढे हळूहळू हरले. पोहण्याच्या बाई हात मिळवताना म्हणाल्या, “मी पाहिलं नव्हतं हो.” मी म्हटलं, “मी प... पाहिलं.”

बाहेर जिन्यात बसड्रायव्हर उभे. त्यांच्या कानावर गेलंच होतं सगळं. म्हणाले, “आपला तो डाव राहिलाय की मग.” खिडकीच्या कट्ट्यावर पट ठेवून तिथूनच पुढे खेळलो, वजीर चालवून. त्यांनी आधी हत्ती खाल्ला, मग उरलेलं सगळं, आणि मात केल्यावर कट्ट्यावर थाप मारून मोठमोठ्यानं हसले. जराही दयामाया नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पाचवी फेरी जिंकले. समोरच्या कॉलेजातल्या मुलाला मात दिसलीच नाही. एकूणात शेवटून तिसरी आले. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे दोन जण तुझ्याहून वाईट आहेत?” तिला खरंच आनंद झाला.

आता एक सांगायचंय, रागावू नका. माझी वाक्यं सगळेच पूर्ण करतात, पण सगळ्यांत जास्त तुम्ही करता. मी “मामा, मला...” म्हटलं की तुम्ही पुढचं म्हणून टाकता, आणि बहुतेक वेळा मला ते म्हणायचं नसतं. तुम्ही इतक्या मायेनं म्हणता की मी “हो” म्हणते. म्हणून फोन करत नाही, पत्र लिहिते.

येत्या रविवारी सकाळी फोन करते. तुम्ही “हॅलो” म्हणायचं आणि मग गप्प बसायचं.

तुमची
ठकू

१८ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद,

काल तुझा फोन येऊन गेला आणि आज मी पत्र लिहितोय. कारण काल तुला सगळं नीट सांगता आलं नाही.

सकाळपासून फोनशेजारी बसलो होतो. स्वतःला बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी मधे बोलायचं नाही. फोन वाजला, मी “हॅलो” म्हटलं, आणि तू “मामा, तुम्ही...” म्हणून थांबलीस. मला पुढचं पाठ होतं. तू विचारणार होतीस, “तुम्ही रागावलात का?” उत्तरही तयार होतं माझ्याकडे, चांगलं मोठं, एक विनोद घालून. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी पदराशी खेळणाऱ्या पोरासारखी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. तू अजून अडलेलीच. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, ते पाळलं.

आणि मग तू म्हणालीस, “तुम्ही कसे आहात?”

ठकू, याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. तुझी मामी जाऊन दोन वर्षं झाली. दुकानात दिवसभर लोक येतात, मीच प्रत्येकाला विचारतो, कसं वाटतंय, खोकला कमी आहे का. मला कोण विचारणार, मी काउंटरच्या आत उभा. पत्रातून मी तुला सल्ले देतो, विनोद करतो, आणि तुला वाटतं मामा मजेत आहे. मी तसंच वाटू देतो.

मी “बरा आहे” म्हटलं. नेहमीप्रमाणे. आता तू काहीतरी बोलशील आणि विषय पुढे जाईल असं वाटलं. पण तू काही बोलली नाहीस. तुझा नुसता श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा बोलायला गेलो तर माझंच पहिलं अक्षर निघेना. तिकडे तू थांबलेली. तू मला एकही शब्द पुरवला नाहीस, घाई केली नाहीस. इतका वेळ माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

मग मी म्हटलं, अगदीच बरा आहे असं नाही गं.

तुझा
मामा